समाजाची संमती म्हणजे नक्की कोणाची? भाटनगरची एक रात्र आणि दोनशे वर्षांचा वाद

जानेवारी २०१८ मधली एक रात्र. पिंपरीच्या भाटनगरात लग्न लागले होते. रिवाजाप्रमाणे पुढे पंचांची बैठक झाली आणि त्याच रात्री जमावाने तीन तरुणांना मारहाण केली. मार खाणारे आणि मारणारे एकाच कंजारभाट समाजाचे होते. तिघांचा अपराध एवढाच, की 'स्टॉप द व्ही रिच्युअल' नावाच्या एका व्हॉट्सॲप गटात ते होते. 'व्ही' म्हणजे व्हर्जिनिटी, कौमार्य. लग्नाच्या रात्री नववधूची जी परीक्षा पंचांच्या देखरेखीखाली घेतली जाते, ती बंद व्हावी एवढीच त्या गटाची मागणी होती. प्रकरण पिंपरी पोलीस ठाण्यात गेले आणि दुसऱ्या दिवसापासून ते वर्तमानपत्रांत झळकू लागले.

भाटनगरातून भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला, की खेड तालुका लागतो. नाशिक रस्त्याच्या डाव्या अंगाला निघोजे आहे. एकेकाळचे हे शेतीचे गाव आज चाकण औद्योगिक पट्ट्याचा भाग आहे. महिंद्राच्या मोटारी इथे तयार होतात, आणि जर्मन, जपानी, कोरियन कंपन्यांचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो उद्योजक आसपास पसरलेले आहेत. २०२३ पासून जर्मनीत मोठ्या कंपन्यांना पुरवठा-साखळीचा कायदा लागू झाला. आपल्या परदेशी पुरवठादारांकडे मानवी हक्क पाळले जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्याने त्या कंपन्यांवर टाकली. म्हणजे 'मानवी हक्क' हे शब्द या पट्ट्यातल्या करारपत्रांत, कारखान्याच्या फाटकाच्या आत, केव्हाच येऊन पोहोचले आहेत. त्याच पट्ट्यातल्या लग्नमांडवात ते शब्द तीन तरुणांनी नेले, तेव्हा काय झाले ते वर आलेच आहे.

रूढी आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांची टक्कर म्हटली, की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. एका बाजूला जिनिव्हातले कोटधारी तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला फेटा बांधलेले पंच. भाटनगरच्या रात्रीत जिनिव्हाचे कोणी नव्हते. तिथे भांडण होते ते 'समाज' या शब्दाच्या मालकीचे. हा शब्द कोणाच्या हातात गेला, कसा गेला आणि त्यावर कोणी शिक्कामोर्तब केले, याचा इतिहास मात्र पुणे, मुंबई, सोलापूर आणि न्यूयॉर्क असा पसरलेला आहे.

आधी रिवाज. लग्नानंतर वधूवरांना एका खोलीत पाठवले जाते. अलीकडे बहुधा लॉजच्या. अंथरुणावर पांढरे वस्त्र असते. रक्ताचा डाग पडावा म्हणून वधूने काही युक्ती करू नये, यासाठी तिच्या बांगड्या वगैरे आधी काढून घेतल्या जातात. नंतर वराने पंचांसमोर येऊन सांगायचे: खरा की खोटा. वधूचा उल्लेखही 'माल' असा होतो. 'खोटा' निघाला तर मारहाण, दंड, लग्न मोडणे. पहिल्या संबंधाच्या वेळी रक्तस्राव झालाच पाहिजे या समजुतीला वैद्यकशास्त्रात आधार नाही, हे वेगळे सांगायला नको. पण रक्त आले की नाही यापेक्षा ते पाहण्याचा आणि त्यावर निवाडा देण्याचा अधिकार कोणाचा, यावर पंचायतीचा डोलारा उभा आहे. तो अधिकार नाकारणाऱ्याला वाळीत टाकले जाते.

'वाळीत टाकणे' हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत गोतसभा, जातिसभा, प्रायश्चित्त, पंक्तीला घेणे, पंक्तीबाहेर काढणे यांचे उल्लेख पानोपानी भेटतात. पण एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातील मराठी राज्य आणि जातिव्यवस्था यांचा अभ्यास केला आहे. त्यातून दिसते ते असे, की जातीचे निर्णय राज्याच्या नजरेबाहेर नव्हते. पेशव्यांचे सरकार त्यांत लक्ष घालत असे, प्रायश्चित्त ठरवण्यात सहभागी होत असे आणि बहिष्कृताला परत जातीत घ्या असेही फर्मावत असे. हे राज्य समतेचे होते असा याचा अर्थ मुळीच नाही. ते जातीची उतरंड राखण्यासाठीच हात घालत होते. तरीही पंच म्हणतील तेच अखेरचे, अशी स्थिती नव्हती.

ती स्थिती १८२७ साली आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यासाठी जी नियमावली तयार झाली, तिच्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या २१व्या कलमाने सांगितले की जातीविषयक प्रश्नांत न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये. अपवाद एकच: जात किंवा चारित्र्य यांना बाधा आली म्हणून कोणी नुकसानभरपाई मागितली, तर तो दावा ऐकता येईल. राज्य नवे होते, पेशवाई जाऊन दहा वर्षेही झाली नव्हती आणि प्रजेला डिवचायचे नव्हते. या धोरणाचे शहाणपण सहज समजण्यासारखे आहे. त्याची किंमत कोणी मोजली, हे समजायला मात्र वेळ लागला.

त्याच सुमारास आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या कायद्यांचा आणि चालीरीतींचा संग्रह केला. तोही १८२७ मधलाच. हे पुस्तक आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. लग्न, काडीमोड, दत्तक, वारसा, बहिष्कार अशी प्रचंड माहिती त्यात आहे. पण माहिती कोणाकडून घेतली? शास्त्र्यांकडून आणि जातींच्या प्रमुखांकडून. म्हणजे 'या जातीत अशी चाल आहे' हे वाक्य ज्यांच्या तोंडून कागदावर उतरले, ते चाल चालवणारे होते. ती सोसणाऱ्या बायकांना विचारण्याची पद्धतच नव्हती. एकदा कागदावर उतरलेली चाल मग कोर्टात पुरावा ठरते, आणि पुराव्याला लवचिकपणा नसतो.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने या धोरणाला साम्राज्याची मोहोर लावली. प्रजेच्या धर्मश्रद्धेत ढवळाढवळ होणार नाही आणि कायदे करताना देशातील प्राचीन हक्क, रीती आणि चाली यांची योग्य कदर राखली जाईल, असे आश्वासन त्यात होते. हे आश्वासन लक्षात ठेवावे. १३५ वर्षांनी ते वेगळ्या कागदावर, वेगळ्या सहीने पुन्हा भेटणार आहे.

तिथवर जाण्याआधी रखमाबाईंचा खटला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पती दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीला आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

हा खटला शाळेत 'सुधारक विरुद्ध सनातनी' म्हणून शिकवला जातो, तेवढा तो सरळ नाही. ज्या दाव्याच्या आधारे रखमाबाईंना तुरुंगाची भीती घातली गेली, तो हिंदू चालीतला नव्हताच. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून आला होता, आणि पिन्हे यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. उलट रखमाबाईंच्या सुतार जातीत विधवांचे पुनर्विवाह होत. त्यांच्या आई जयंतीबाईंनी स्वतः डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले होते. जातीची चाल सैल होती आणि ती घट्ट केली इंग्रजांच्या कोर्टाने. तरीही पुण्यातील वृत्तपत्रांत आरडाओरड झाली ती परक्या कायद्यापासून आपल्या रूढींचे रक्षण करण्यासाठी! रूढी म्हणजे काय हे कोण ठरवतो, यावर सगळे अवलंबून असते, याचे याहून चांगले उदाहरण एकोणिसाव्या शतकात सापडणे कठीण.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने तोच वाद पुढे नेला. शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारावर नेणारा हा कायदा. टिळकांचा विरोध सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी त्याआधी सुधारकांपुढे प्रतिप्रस्ताव ठेवला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही: मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत न करण्याची शपथ सुधारकांनी आधी स्वतः घ्यावी. सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारने ती लादू नये, हा त्यामागचा युक्तिवाद. तो पोकळ नव्हता. पारतंत्र्यात त्याला अर्थ होता. पण दहा वर्षांच्या मुलीला 'आतून' बोलण्यासाठी जागा कोणती होती, हा प्रश्न त्या युक्तिवादात कुठेच येत नाही.

आतापर्यंतची पात्रे पुण्या-मुंबईची, लिहिती-वाचती. कंजारभाटांच्या वाट्याला याच साम्राज्याचा दुसरा चेहरा आला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने त्याचा विस्तार मुंबई इलाख्यापर्यंत झाला आणि १९२४ मध्ये तो एकत्रित करून कायम केला गेला. त्यात व्यक्तीने गुन्हा केला की नाही हे पाहण्याची गरजच नव्हती. जन्म पुरेसा होता. नावे नोंदवायची, ठरावीक वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर पास घ्यायचा. कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवली गेली आणि त्यांतली माणसे गिरण्यांत कामाला जुंपली गेली. सोलापुरात आजही त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणतात. तिथे राहणाऱ्या नव्या पिढीतल्या कित्येकांना त्या नावामागचा तुरुंग ठाऊकही नसेल.

जी राजवट जातीच्या प्रश्नांत हस्तक्षेप करणार नाही म्हणत होती, तीच या जमातींच्या अंथरुणा-पांघरुणापर्यंत हजेरी घेत होती. दोन्ही धोरणे एकाच वेळी, एकाच सचिवालयातून चालली. साहजिकच या जमातींनी पोलीस ठाण्याची पायरी चढणे टाळले. भांडण, चोरी, काडीमोड, देणेघेणे, सारे पंचायतीत. पंच कठोर असतील, दंड खात असतील. पण ते ओळखीचे होते आणि त्यांच्यापुढे कोणी जन्मतः चोर नव्हता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला, या जमाती 'विमुक्त' झाल्या, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कंजारभाट आले. पोलिसांची नजर मात्र लगेच बदलली नाही, आणि म्हणून पंचायतीची पकडही सुटली नाही. भाटनगरच्या पंचांचा अधिकार केवळ 'प्राचीन परंपरा' म्हणून समजून घेणे अपुरे आहे. त्यातला मोठा हिस्सा सरकारनेच घडवलेला आहे.

हे विसरून जो माणूस 'मागासलेली प्रथा' म्हणत नाक मुरडतो, त्याला या वादातले निम्मेच दिसते. जानेवारी २०१८ च्या मारहाणीच्या बातम्यांनंतर याच समाजातील स्त्रियांनी पुण्यात मोहिमेविरुद्ध मोर्चा काढला. आमच्या समाजाची बदनामी थांबवा, ही त्यांची मागणी. त्यांच्यावर दबाव असेल. पण कित्येक दशके ज्या जमातीची ओळख पोलिसांच्या नोंदवहीत 'गुन्हेगार' अशी होती, तिला पुन्हा मथळ्यांत झळकण्याची धास्ती वाटणे हे खोटे नव्हते.

आता स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर परत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता, मुंबई विधान परिषदेच्या सदस्या आणि मुंबईतूनच घटना समितीत गेलेल्या. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दाऐवजी 'सर्व मानव' आले ते त्यांच्या आग्रहामुळे. मानवी हक्क ही पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेली कल्पना आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या पहिल्या कलमाचा इतिहास जरूर वाचावा.

त्याच काळात मुंबई राज्याने देशाच्या पुढे एक पाऊल टाकले. १९४९ साली त्याने बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला: कोणत्याही समुदायाला आपल्या सदस्यास बहिष्कृत करता येणार नाही. एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये बंद केलेले दार सव्वाशे वर्षांनी उघडले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी या कायद्याला आव्हान दिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबी स्वतः चालवण्याचा हक्क आहे, आणि धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणे हा त्याच हक्काचा भाग आहे, असे बहुमत. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळे बोलले. बहिष्कृताचे माणूस म्हणून जगणेच हिरावले जाते, या बाजूने त्यांनी विचार केला. निकाल होता एका धर्मसंप्रदायाविषयी, पण त्याने कायदाच गेला. पुढची पंचावन्न वर्षे महाराष्ट्रात जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या माणसाला बहिष्काराविरुद्धचा सर्वसाधारण कायदा उरला नाही.

आणि मग तो कागद. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावांचे उच्चाटन करण्याचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे 'सिडॉ', १९७९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला. त्याचे पाचवे कलम नेमके रूढींवर आहे: स्त्री कनिष्ठ किंवा पुरुष श्रेष्ठ या कल्पनेवर उभ्या असलेल्या चालीरीती बदलण्यासाठी राज्यांनी उपाय योजावेत. सोळावे कलम विवाहातील समानतेचे. भारताने १९८० मध्ये सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी करार अनुसमर्थित केला. सोबत एक निवेदन जोडले: या दोन कलमांचे पालन भारत करील, पण कोणत्याही समुदायाच्या व्यक्तिगत बाबींत त्या समुदायाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या आपल्या धोरणाला धरून.

१८५८ चा जाहीरनामा परक्या राणीचा होता, १९९३ चे निवेदन स्वतंत्र प्रजासत्ताकाचे. सूर तोच. शाहबानो प्रकरणानंतरच्या आणि बाबरी मशीद पडल्यानंतरच्या त्या वर्षांत अल्पसंख्याकांना आश्वस्त करणे सरकारला आवश्यक वाटले असेल, हेही खरे. परंतु 'पुढाकार' आणि 'संमती' हे दोन शब्द ज्या 'समुदाया'वर अवलंबून आहेत, तो समुदाय कोण, हे निवेदनात कुठेच सांगितलेले नाही. हीच फट आहे. बहिष्काराचे हत्यार ज्याच्या हातात आहे, त्याला ही फट फार सोयीची पडते. प्रथेला विरोध करणारा समाजाबाहेर काढला जातो. तो बाहेर गेला, की आत उरलेल्यांची संमती आपोआप एकमुखी होते. मग दिल्लीने किंवा न्यूयॉर्कने विचारले तरी उत्तर तयार असते: समाजाची मागणी नाही.

कंजारभाटांमध्ये मागणी झाली नव्हती असे नाही. १९९६ साली कृष्णा इंद्रेकर यांनी ही परीक्षा नाकारून नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. एक जोडपे वाळीत पडले आणि समाजाचे उत्तर 'नाही' असेच राहिले.

२०१३ च्या जूनमध्ये नाशिकला एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा खून केला आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यानंतर जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अखेरच्या आठवड्यांतले हे काम. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. मोहीम थांबली नाही. राज्यभरातून वाळीत टाकलेल्यांच्या तक्रारी येत राहिल्या आणि १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये कायदा लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड. १९६२ मध्ये गेलेला कायदा, वेगळ्या रूपात, परत आला.

याच कायद्याने पुढच्या घटनेला बळ दिले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. त्या निकालात मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांचा आधार ठिकठिकाणी घेतलेला आहे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विवेक तमायचीकर या कंजारभाट तरुणाने, जो तेव्हा टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकत होता, समाजातल्या तरुण-तरुणींना व्हॉट्सॲपवर एकत्र आणले. सिडॉवरील निवेदनात ज्याला 'पुढाकार' म्हटले आहे, तो अखेर आला. तो आला समाजाच्या आतून, मराठी, हिंदी आणि भाटभाषेत, आणि तो घेणाऱ्यांना लगेच सांगण्यात आले की तुम्ही समाज नव्हे. तमायचीकर यांनी मे २०१८ मध्ये कौमार्य परीक्षेविना लग्न केले. लग्नाला पोलीस बंदोबस्त होता.

त्याच वर्षीचे नवरात्र या सगळ्या इतिहासाचा गाभा दाखवते. भाटनगरात दांडिया खेळायला उतरलेल्या एका नवविवाहितेला, तिने परीक्षा नाकारली म्हणून, खेळू दिले गेले नाही. ती रिंगणात आली तसे संगीत बंद केले गेले. तिने पोलीस ठाणे गाठले आणि सामाजिक बहिष्कार कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. वरवर पाहता दांडियाचे एक रिंगण, एक बंद पडलेला स्पीकर. पण वाळीत टाकणे प्रत्यक्षात असेच दिसते: कोणी अंगाला हात लावत नाही, फक्त तू आलीस की गाणे थांबते.

त्याच नवरात्रात, १७ ऑक्टोबर २०१८ रोजी, ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय आणि यूएन विमेन यांनी संयुक्त निवेदन काढले. कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, किमान वीस देशांत ती चालते, ती मानवी हक्कांचे उल्लंघन आहे आणि ती बंद झाली पाहिजे. सिडॉ समिती आणि बालहक्क समिती यांनी २०१४ मध्येच अपायकारक प्रथांवरील आपल्या संयुक्त शिफारशीत तिचा समावेश केला होता. भाटनगरच्या त्या तरुणीने रिओची वाट पाहिली नव्हती.

ही चाचणी केवळ एका जमातीची असल्याचा समज इथे खोडून काढणे भाग आहे. तिची 'शास्त्रीय' आवृत्ती न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत कित्येक दशके सुखाने नांदत होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी तिच्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा भाग अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तपास यंत्रणेने एका स्त्री-आरोपीची केलेली कौमार्य चाचणी घटनाबाह्य ठरवली. पंचांचे पांढरे वस्त्र आणि डॉक्टरांचा पांढरा कोट यांत या एका बाबतीत फार अंतर नव्हते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचाराचाच प्रकार मानला जाईल अशी घोषणा केली. घोषणेला टाळ्या मिळाल्या. एप्रिल २०२१ मध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरी पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यातून कळले, की दोन सख्ख्या बहिणींचे लग्न एकाच घरात लावून दिले होते, परीक्षेत एकीला 'खोटी' ठरवले गेले आणि पंचायतीने दोघींचाही काडीमोड केला. काडी मोडून. मराठी माणूस घटस्फोटाला सहज 'काडीमोड' म्हणतो तेव्हा त्यातली काडी त्याला दिसत नाही. पंचायतीत ती खरोखर मोडली जाते. इथे कायद्याची आणखी एक गुंतागुंत आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २९व्या कलमाने रूढीने मान्य असलेला घटस्फोट शाबूत ठेवला आहे, आणि कोर्टाची फी न परवडणाऱ्या हजारो बायकांना त्याच रूढीने नको असलेल्या लग्नातून मोकळे केले आहे. रूढी सरसकट पुसून टाकली तर ते दारही बंद होते. कोल्हापूरच्या बहिणींनी मात्र काडीमोड मागितला नव्हता.

गुन्हा नोंदला गेला तो नव्या कायद्याखाली. १९४९ चा कायदा रद्द करणारा १९६२ चा निकाल फेरविचारासाठी आधीच सर्वोच्च न्यायालयापुढे होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

सिडॉ समितीने २०००, २००७ आणि २०१४ मध्ये भारताला आपले निवेदन मागे घेण्यास सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या करारांच्या नोंदवहीत, भारताच्या नावासमोर, ते अजून तसेच आहे: समुदायाच्या पुढाकाराने आणि संमतीने. भाटनगरच्या त्या रात्री ज्यांनी पुढाकार घेतला होता, त्यांच्यातल्या तिघांनी मार खाल्ला होता.